खिशातल्या वह्या

मार्चमध्ये कोटाच्या खिशात दोरी असते, चाकू असतो,
आणि चाऱ्याच्या दुकानात फुकट मिळालेली लाल वही.
पेन नाही, पेन्सिल. शाई गोठते.

आजोबा ओटाकर चेक भाषेत लिहायचे,
वडील, लीलँड, इंग्रजीत, तेही अर्धंमुर्धं:
'४४, कालवड. सोपं गेलं. वारा.'
'१०९, आडवं आलं. मेलं. वारा.'
नेब्रास्काच्या या वाळूच्या टेकड्यांवर
वाऱ्याची नोंद कशाला, मी विचारायचे.
नसेल त्या दिवशी कळावं म्हणून, ते म्हणायचे.
असं एक पान मला अजून सापडायचंय.

सगळ्या वह्या कॉफीच्या सहा डब्यांत आहेत.
माझ्या जन्माची तारीख मी शोधून काढली:
'मुलगी झाली. ६१ व्याली, गोऱ्हा. तिला चीक उतरत नाही.'
तिला म्हणजे कुणाला?
आई म्हणायची, मलाही कधी विचारायचा धीर झाला नाही.
६१ च्या वंशातली एक अजून कळपात आहे,
फाटक उघडं राहिलं की पहिली निसटते ती तीच.

आई गेली त्या वर्षी
एप्रिलची नऊ ते बावीस, अशी चौदा पानं
वडिलांच्या हातची नाहीत.
मोठी, गोल, शाळकरी अक्षरं. नंबर नाहीत,
गाय कशी दिसते ते लिहिलंय:
'शिंगाचा खुंट राहिलेली, कालवड. दोघी बऱ्या.'
'रागीट काळी, गोऱ्हा. मला कुंपणावर चढवलं.'
आणि तेवीसला पुन्हा: '८७, गोऱ्हा. वारा.'

शेजारी म्हणजे अकरा मैलांवरचा, व्हर्लिन.
पुढची एकतीस वर्षं दोघे कुंपणापाशी भेटत राहिले,
तारेबद्दल बोलले, गवताबद्दल,
कुणाचा वळू कुणाच्या रानात शिरला त्याबद्दल.
त्या चौदा पानांबद्दल नाही.

रात्रीचे दोन. मारेननं टॉर्च धरलाय,
बाहीनं नाक पुसते, पुन्हा धरते.
पहिलारू आहे. दोन खूर बाहेर, तळवे आभाळाकडे,
म्हणजे उलटं.
साखळी खुराच्या वर दोनदा अडकवायची,
ती कळ देईल तेव्हाच ओढायचं, ती थांबली की थांबायचं.
'पण कंबर सुटली की मग थांबायचं नाही,' मी म्हणते,
'मग आपलीच घाई.'

निसटतं ते, वाफाळत, पेंढ्यावर.
नाकपुडीत गवताची काडी घालते.
काही नाही.
पुन्हा घालते, जरा खोल.
शिंक येते.
गाय वळते आणि घशातल्या घशात तो आवाज काढते
जो एरवी वर्षभर ती कशासाठीही काढत नाही.

'काय लिहू?' मारेन विचारते.
खिळ्यावरची वही काढून तिच्या हातात देते.
ही वही आमची नाही. गोठाही नाही.
पलीकडे व्हर्लिनच्या स्वयंपाकघरात दिवा जळतोय,
अंगणात बाहेरगावच्या गाड्या,
उद्या अकराला चर्च.
शेवटची नोंद मंगळवारची,
अक्षरं तशीच गोल, फक्त ओळ सोडून खाली घसरलेली.

याच्या गायींना कानात बिल्ले नाहीत.
हिला तो काय म्हणायचा कोण जाणे.
आर्डिथला विचारता येईल, पण झोपू दे तिला, झोपली असेल तर.

मारेन पेन्सिलीचं टोक जिभेला लावते,
गायीकडे बराच वेळ बघत राहते. लिहिते:
'डावा कान फाटलेली. गोऱ्हा, उलटा आला. दोघं बरी.'
मग दार ढकलून डोकं बाहेर काढते,
केसांत बर्फाचा भुगा घेऊन परतते, आणखी एक शब्द लिहिते: 'वारा.'
आणि थांबते.
'हे इथे लिहीत नाहीत ना? खोडू?'
राहू दे, मी म्हणते.
कोपऱ्यातली ती तांबडी मघापासून शेपटी उचलून फिरतेय.
टॉर्च आण इकडे.